हळदीची गाडी

आमच्या गाडीला आजपर्यंत एकाही मेकॅनिकचा हात लागलेला नाही. ज्यांनी ती रस्त्यावर चालताना पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

मी मूल या गावी शाळेत गणित शिकवतो आणि रविवारी गाडी दुरुस्त करतो. गाडी वरोऱ्याच्या एका कापूस व्यापाऱ्याकडून जुनी घेतलेली. घेतली तेव्हा ती उत्तम चालत होती, त्यामुळे सुरुवातीचे काही महिने मला काही कामच नव्हतं. मग एका रविवारी मोबाइलवर व्हिडिओ पाहत पाहत मी कार्बोरेटर खोलला. तेव्हापासून काम संपलेलं नाही.

या छंदातला माझा जोडीदार म्हणजे शेजारचा देवाजी कोवे. तो जंगलखात्यात वनरक्षक आहे आणि त्याच्याकडे एक म्हातारी जीप आहे. एका रविवारी मी त्याच्या जीपखाली झोपतो, दुसऱ्या रविवारी तो माझ्या गाडीखाली. (कधीकधी दोघंही एकदमच खरोखर झोपतो, पण ते आमच्या दोघांतच आहे.) खोललेलं सगळं परत बसवायचं, हा आमचा नियम. तरी दर वेळी दोन-चार नट उरतात. ते मी खोबरेल तेलाच्या रिकाम्या डब्यात जमा करतो. डबा काठोकाठ भरला, तेव्हा माझी बायको सुनंदा म्हणाली,

"गाडी हलकी होऊन राह्यली अन् डबा जड होऊन राह्यला. असंच चाललं तं एक दिवस डब्यात बसूनच जा लागन."

"अवो वहिनी, कंपनीवाले मुद्दाम जास्तीचे नट टाकतेत," देवाजीनं तिला समजावलं. "त्यायचा माल खपला पायजे ना!"

डॅशबोर्डमागच्या वायरीही मी स्वतः सुट्या करून नव्यानं जोडल्या आहेत. त्यानंतर बंद पडलेले सगळे काटे हलायला लागले. ते नेमके कशासाठी हलतात, याच्या खोलात मी गेलो नाही. हलतात हेच पुष्कळ होतं.

तर गेल्या उन्हाळ्यात सुनंदाच्या भावाच्या मुलाचं, महेशचं, लग्न ठरलं. नवरदेव मूलचा, नवरी सिंदेवाहीची. आमच्याकडे आधी नवरदेवाला हळद लागते. मग त्याच वाटीतली उरलेली उष्टी हळद नवरीकडे पोचवतात, आणि ती लागल्यावरच नवरीची हळद सुरू होते. ही हळद न्यायचा मान आत्याचा. महेशला आत्या एकच, ती म्हणजे सुनंदा. नवरीच्या आजीचा आधीच निरोप आला होता की उष्टी हळद आल्याशिवाय आमच्या पोरीच्या गालाला कोणी बोट लावणार नाही. मग तो निरोप विसरू नये म्हणून पुन्हा एकदा आला.

मांडवात बसून सगळे गाड्यांचा हिशोब लावत होते. नवरदेवाचा बाप, माझा मेहुणा रमेशभाऊ म्हणाला, "सुनंदा, तू हळद घेऊन भाड्याच्या गाडीत बस. नवी गाडी हाय, सरकन पोचवून देते."

मला राहवलं नाही. "घरची गाडी असताना हळद भाड्याच्या गाडीत काऊन?"

 शिडीवर चढून आंब्याची पानं बांधणारा माणूसही थांबला. रमेशभाऊंनी नाइलाजानं मान डोलावली. जावयाला नाही म्हणता येत नाही, हा आमच्या समाजातला फार मोठा दोष आहे.

सुनंदानं मला बाजूला घेतलं.

"पोचन का?"

"पोचन का म्हंजे? तुले माह्यावर भरोसा नाई?"

"तुमच्यावर हाय. गाडीवर नाई."

"गाडी अन् मी काय वेगळे हाओ?"

"थेच तं भेव वाट्टे," ती म्हणाली. मग तिनं आवाज खाली आणला. "आयका. हळद पोचली नाई, तं तुमची पान्यायची पेटी मी सोताच्या हातानं भंगारवाल्याले देईन."

"अन् पोचली तं?"

"तं पेटी तुमची. जलमभर खाली झोपा गाडीच्या."

मी हातावर हात मारला. पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, त्या पेटीत माझं अर्धं आयुष्य होतं, पण खरं सांगायचं तर मला पेटीपेक्षा सुनंदाची काळजी जास्त वाटत होती. एवढ्या वर्षांत तिला माहेरी कुणी असा मान दिला नव्हता. ती हिरवी साडी पुन्हा पुन्हा कपाटातून काढून पाहत होती. तिची मान सिंदेवाहीत खाली जाऊ नये, असं मला अगदी मनापासून वाटलं. म्हणून मी गाडीची जास्तच काळजी घ्यायचं ठरवलं, आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला.

लग्नाच्या आधीच्या रविवारी मी रेडिएटर साफ केला. जाळीत धूळ, किडे आणि धानाचा कोंडा भरला होता. मी जुन्या छत्रीची काडी काढून घेतली आणि एकेक फट कोरून काढली. एका ठिकाणी काडी जरा जास्तच आत गेली. मला वाटलं, कचरा खोलवर गेलेला असावा. थोड्या वेळानं तिथे पाण्याचे थेंब दिसले, ते मी फडक्यानं पुसून घेतले. मे महिना होता. घाम कुणाला येत नाही?

हळदीच्या दिवशी नवरदेवाला हळद लागली. उरलेली हळद भल्या मोठ्या पितळी वाटीत भरून, वरून लाल फडकं बांधून सुनंदाच्या हातात आली. बाकीच्या बाया भाड्याच्या गाडीनं पुढे निघून गेल्या. आमच्या गाडीत मागे सुनंदा, तिच्या मांडीवर वाटी, आणि पुढे माझ्या शेजारी तिचे बाबूरावमामा. मामा ऐंशीच्या घरातले. भाड्याच्या गाडीत एसी होता, आणि एसीनं त्यांना शिंका येतात. आमच्या गाडीत ती भीती नव्हती. उन्हाळ्यात ताकाशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत, म्हणून पायाशी ताकाची मोठी बाटली होती.

गाडी झोकात निघाली. मूल मागे पडलं, जंगल सुरू झालं. मी आरशातून सुनंदाकडे पाहिलं. ती चक्क हसत होती! मीही शीळ घालायला लागलो.

मामा मात्र डॅशबोर्डकडे टक लावून बसले होते.

"जवाईबापू, निघालो तवा पेट्रोलचा काटा अर्ध्यावर होता ना?"

"हो, अर्ध्यावरच होता."

"आता पाऊण टाकी भरली."

मी पाहिलं. खरंच काटा पाऊणच्या वर होता.

"मायले!" मामा म्हणाले. "जिंदगीत अशी गाडी नाई पाह्यली. चालते तसं पेट्रोल वाढून राह्यलं!"

"मेन्टेनन्स घरचं असलं की फरक पडतो," मी नम्रपणे म्हणालो.

"असंच चाललं तं सिंदेवाहीले जाऊन चार लिटर इकता येईन."

काटा चढत चढत टाकी पूर्ण भरल्याच्या खुणेला टेकला. आणि त्याच क्षणी बॉनेटच्या चारही बाजूंनी पांढरी वाफ बाहेर आली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की इंजिनाच्या तापमानाची वायर मी पेट्रोलच्या काट्याला जोडलेली आहे. मामा इतका वेळ ज्याचं कौतुक करत होते, तो इंजिनाचा ताप होता.

गाडी जिथे थांबली तिथे नेमका एक फलक होता: वाघाचा वावर आहे, वाहनातून खाली उतरू नये. मी खाली उतरलो.

वाफ निवायची वाट पाहिली आणि मग गाडीत होतं नव्हतं तेवढं पिण्याचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. वरून ओतलेलं पाणी तेवढ्याच निष्ठेनं खालून बाहेर आलं. वाकून पाहिलं, तर ज्या फटीत छत्रीची काडी आत गेली होती, बरोबर तिथूनच बारीक धार लागली होती.

"काय झालं?" सुनंदानं मागच्या खिडकीतून विचारलं.

"काही नाई. जरासं पाणी पिऊन राह्यली."

लग्नसराईचे दिवस, जी गाडी जायची ती माणसांनी गच्च. एक एसटी हळू झाली, तर कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढून ओरडून सांगितलं, "ओ भाऊ, इथी नोका उभे राहू! कालच इथी दिसला होता!" आणि एवढी मोलाची माहिती देऊन एसटी निघून गेली.

मी मोबाइल डोक्यावर धरून गाडीभोवती फिरलो. मागच्या चाकापाशी नेटवर्कची एक काडी सापडली. लगेच देवाजीला फोन लावला.

"देवाजी, रेडिएटरले भोक पडलं गा!"

"मंग घाबरतं कायले?" देवाजी म्हणाला. "हळद टाक. ट्रकवाले थेच करतेत. हळद पाण्यात फुगते अन् भोकात जाऊन बसते. पाच-पंचवीस किलोमीटर आरामात जाशीन. पण मास्तर, एक ध्यानात ठेव..."

फोन कटला. काय ध्यानात ठेवायचं ते राहून गेलं. पण मला पहिलं वाक्य पुरेसं होतं. भर जंगलात हळद कुठून आणायची, असा विचार करत मी मान वळवली, आणि माझी नजर सुनंदाच्या मांडीवर गेली.

तिनं वाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"नाई," ती म्हणाली.

"मी काही बोललोच नाई!"

"डोये बोलून राह्यले तुमचे."

"अवो, थोडीशीच..."

"ही नवरदेवाची उष्टी हळद हाय! गाडीले लावू का? लगन कोणाचं हाय, महेशचं का तुमच्या रेडिएटरचं?"

पाच मिनिटं आमचं हेच चाललं. शेवटी मामांनी ताकाचा एक घोट घेतला आणि निवाडा दिला.

"सुनंदा, आयक. हळद इथीच बसून राह्यली तं पोरीले लागन का? नाई लागत. गाडी गेली तं हळद जाईन. अन् नवरीले चिमूटभर पुरते. उरलेली बायाच एकमेकीच्या तोंडाले फासतेत."

सुनंदानं वाटीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते पाहून मला स्वतःची भयंकर लाज वाटली. तिनं फडकं सोडलं आणि खिडकीतून वाटी माझ्या हातात दिली.

"अर्धीच घ्या. अर्धीच! अन् वाटी नीट ठेवा."

मी अर्धीच हळद रेडिएटरमध्ये घातली, देवाशपथ. पण आता पाणी कुठे होतं? पाणी तर सगळं ओतून झालेलं. मी मामांकडे पाहिलं. मामांनी बाटलीकडे पाहिलं. बाटली घेऊन ते खाली उतरले आणि स्वतःच्या हातानं सगळं ताक रेडिएटरमध्ये ओतलं. मग जड आवाजात एवढंच म्हणाले, "म्हशीचं होतं."

तेवढ्यात सागाच्या वाळक्या पानांत खसफस झाली. मग जरा मोठी खसफस झाली.

"बसा!" मामा ओरडले. ऐंशीच्या घरातला तो माणूस माझ्या आधी गाडीत होता! मी झाकण फिरवलं, बॉनेट आपटलं, स्टार्टर मारला. एरवी दहादा विनवण्या कराव्या लागणारी गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

"वाटी ठेवली का?" मागून सुनंदानं विचारलं.

"ठेवली!"

थोडं पुढे गेल्यावर मी आरशात पाहिलं. मागे एक गाय शांतपणे रस्ता ओलांडत होती. मी कुणाला काही सांगितलं नाही.

देवाजीचं म्हणणं खरं निघालं, गळती थांबली. गाडी धावत होती. काही वेळानं मात्र गाडीत एक ओळखीचा, घरगुती वास भरला. मामांनी नाक वर केलं.

"जवाईबापू, कढी झाली."

खरंच कढीच होती. ताक, हळद आणि खाली इंजिनाची आंच. त्यातून दुसरं काय होणार? मामांच्या मते फक्त जिऱ्याची फोडणी तेवढी राहिली होती. पेट्रोलचा काटा पुन्हा चढायला लागला, तसा कढीला उकळ्या फुटल्याचा आवाज आतून ऐकू येऊ लागला. मी काट्याकडे न बघता गाडी हाकली.

सिंदेवाहीत मांडवाच्या दारात सगळं वऱ्हाड उभं होतं. बायका हळदीची गाणी म्हणून म्हणून दमल्या होत्या. सगळ्यांत पुढे पाटावर पिवळ्या साडीत नवरी, तिच्या बाजूला पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात तिचे वडील, आणि मधोमध काठी टेकून आजी. मी गाडी थेट त्यांच्या पुढ्यात नेऊन थांबवली. इंजिन बंद केलं. जिंकलो! मनातल्या मनात मी पान्याच्या पेटीवरून हात फिरवला.

सुनंदा पदर सावरत उतरली आणि माझ्यापुढे हात केला. "द्या."

"काय?"

"वाटी."

"तुह्यापाशी हाय ना?"

"म्या तुमच्यापाशी देल्ली होती! तुमीच म्हणाले, ठेवली!"

आणि मला आठवलं. वाटी मी ठेवली होती. अगदी नीट ठेवली होती. टपावर.

मी टपाकडे पाहिलं. टपावर पिवळा गोल डाग होता आणि तिथून मागच्या काचेवर एक पिवळा ओघळ गेला होता. सुनंदानं तो पाहिला. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती उभी राहिली, रिकामे हात पुढे धरून, सगळ्या वऱ्हाडासमोर. 

"काहो पाहुणे," आजी म्हणाली, "हळद कुठी हाय?"

या प्रश्नाचं उत्तर मला द्यावं लागलं नाही. रेडिएटरचं झाकण मी घाईत नीट फिरवलं नव्हतं, आणि त्याचं वायसर मी जुन्या चपलेच्या रबरातून कापलेलं होतं. आत बंद झालेल्या कढीनं सहन करायचं तेवढं केलं. बॉनेटखाली 'फाट्!' असा आवाज झाला, झाकण कुठेतरी उडालं आणि बॉनेटच्या फटीतून पिवळा फवारा मांडवाच्या तोरणापर्यंत गेला!

खाली येईस्तोवर तो कोमट झाला होता, एवढी देवाची कृपा. नवरीच्या वडिलांचा सदरा पिवळा झाला. ताशेवाल्यांचे ताशे पिवळे झाले. बॉनेटकडे धावलेला मी तर डोक्यापासून पायापर्यंत पिवळा झालो. आणि पाटावर बसलेल्या नवरीच्या दोन्ही गालांवर नेमका एक एक शिंतोडा जाऊन बसला.

 आजी काठी टेकत पुढे गेली. तिनं नातीच्या गालावरचा शिंतोडा बोटानं टिपला, नाकाशी नेला, मग जिभेला लावला.

"हळदच हाय," ती म्हणाली. सगळ्यांनी श्वास सोडला. "पण ताकावानी काऊन लागून राह्यली?"

मी तोंड उघडलं. सुदैवानं मामांनी आधी उघडलं.

"आमच्या घराण्यात ताकातच कालवतेत, बाई. जुनी रीत हाय. अन् वाटीतून देणं तं कोणीबी देते. आमी उधळत आणतो."

आजीनं मामांकडे पाहिलं, वाफाळणाऱ्या गाडीकडे पाहिलं, आणि माझ्याकडे तर जरा जास्तच वेळ पाहिलं. मग वळून बायांवर ओरडली, "पाहून काय राह्यल्या? नवरदेवाची हळद आली! लावा!"

गाणी पुन्हा सुरू झाली. बाया बॉनेटवरून बोटं फिरवून हळद गोळा करू लागल्या. नवरीची सगळी हळद आमच्या बॉनेटवरूनच झाली. त्यांनी सुनंदाला मधे ओढून नेलं आणि तिच्याही तोंडाला हळद फासली. लांबून मला ती हसताना दिसली. माझा जीव भांड्यात पडला.

गाडी अर्थात पुन्हा सुरू झाली नाही. मेकॅनिकचा हात तिला लागला नव्हताच, त्या दिवशी मात्र अख्ख्या वऱ्हाडाचा लागला. सगळ्यांनी मिळून ती मांडवापासून कडुलिंबाखाली ढकलत नेली आणि आम्ही भाड्याच्या गाडीनं परत आलो. मामा वाटभर शिंकत होते.

दुसऱ्या दिवशी देवाजीनं आमची गाडी जीपला बांधून ओढत घरी आणली, तेव्हा पितळी वाटी त्याला रस्त्याच्या कडेला सापडली, रिकामी. जवळच्या मोहाच्या झाडावर एका वांदराचं तोंड पिवळं होतं, असं तो सांगतो. (तो काहीही सांगतो.) फोन कटला तेव्हा काय ध्यानात ठेवायला सांगत होता, हेही मी त्याला विचारलं.

"झाकण घट्ट लावजो, थेच सांगून राह्यलो होतो," तो म्हणाला.

हळद पोचली होती. म्हणजे पैज मी जिंकलो होतो. घरी आल्यावर पान्याची पेटी मी मुद्दाम सुनंदाच्या समोर, पलंगाखाली सरकवली.  दिला शब्द ती मोडत नाही. पुढच्या रविवारी मी पेटी उचलून दाराकडे निघालो, तेव्हा ती स्वयंपाकघरातून म्हणाली,

"कुठी?"

"गाडी पाहतो जरा."

"हळद लागलेल्या माणसानं उंबरठ्याभायेर जायचं नसते. साळा उघडन तवा साळंचं ठीक हाय, थे पोटासाठी हाय. पण गाडीबिडी नाई. उतरू द्या आधी."

रीत आहे, त्यामुळे वाद घालता आला नाही. तोंडावरची हळद लवकरच गेली. नखांतली मात्र गाडीच्या वंगणात मुरलेली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी पेटी घेऊन दाराशी उभा राहतो आणि दोन्ही हात पुढे करतो. सुनंदा फोडणी टाकता टाकता बाहेर येते, माझी बोटं आपल्या हातात धरते, उलटसुलट करून नीट पाहते आणि म्हणते, "नाई वो. अजून पिवळीच हायेत."

बोटं मला शनिवारी रात्री अगदी पांढरी दिसत असतात. तिचे हात नेमके तपासणीच्या वेळीच वरणाच्या हळदीनं माखलेले असतात, हा योगायोग असावा. इतक्या वर्षांच्या संसारात एवढा विश्वास तर ठेवावाच लागतो.